प्रामाणिक गॅरेजवाला कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने वॉरंटी संपलेल्या, पाच ते बारा वर्षं वापरलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या मालकांचे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं बिल परवडेनासं होतं, घराजवळच्या गॅरेजवर भरवसा बसत नाही, आणि गाडी तर रोज लागते.

मेकॅनिक शोधायला कधी सुरुवात करावी?

गाडी ठणठणीत असताना. टो करून आणलेल्या गाडीचा मालक नाही म्हणू शकत नाही, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं. पुढच्या सर्व्हिसला महिना-दीड महिना बाकी असेल तर आत्ताच दोन-तीन गॅरेजं बघून ठेवा.

चौकशी कुणाकडे करावी?

तुमच्याच मॉडेलची गाडी पाच वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांकडे. त्यानंतर टूरिस्ट परमिटच्या गाड्या चालवणाऱ्यांकडे. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे तेच काम पुन्हा काढायला लावणाऱ्या मिस्त्रीकडे ते फिरकत नाहीत.

तिसरी जागा सहसा कुणाला सुचत नाही, ती म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान. कोणता गॅरेजवाला चांगल्या कंपनीचा माल उचलतो, कोण सर्वांत स्वस्त मागतो आणि कोण अंदाजाने नेलेले पार्ट चार दिवसांनी परत आणतो, हे काउंटरवरच्या माणसाला पाठ असतं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी केली, तर कोणत्या गाडीसाठी कुणाकडे जायचं हे दोन-तीन दुकानांतून कळतं. लेथवाल्यालाही, म्हणजे धातूचे भाग घासून-कातून देणाऱ्यालाही, विचारा. इंजिनाचं हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम त्याच्याकडे येतात. मोजमाप करून काम सांगणारा कोण आणि "मारून टाक एक कट" म्हणणारा कोण, हे त्याला ठाऊक असतं.

विचारताना "कसा आहे हो?" एवढ्यावर थांबू नका. "काम फसलं तेव्हा त्याने काय केलं?" असं विचारा. काम कधी ना कधी सगळ्यांचंच फसतं. पुन्हा मजुरी न घेता गाडी परत उघडणारा मेकॅनिक धरून ठेवण्यासारखा.

ऑनलाइन रिव्ह्यूंवर विसंबावं का?

पाच तारे आणि "बेस्ट सर्व्हिस" एवढंच लिहिलेले रिव्ह्यू सोडून द्या. दोन-तीन ताऱ्यांचे सविस्तर रिव्ह्यू वाचा आणि मालकाने त्यांना काय उत्तर दिलंय ते बघा.

पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेल्यावर काय बघायचं?

जमिनीवरचं ऑईल बघून नाक मुरडू नका, गॅरेज म्हटलं की ते असणारच. उभ्या गाड्या बघा. तुमच्या गाडीसारख्या किती आहेत? आयुष्यभर मारुती-ह्युंदाईवर हात बसलेला उत्तम कारागीरही फोक्सवॅगन-स्कोडाच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्ससमोर नवखा असू शकतो, आणि त्याने ते स्वतःहून सांगितलं तर ती फार चांगली खूण. धुळीने माखलेल्या, चाकं बसलेल्या चार-पाच गाड्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून असतील तर त्यांचं काय झालं, हे विचारून घ्या.

नंतर काम चालू असलेली एक गाडी निवडा आणि दहा मिनिटं उभे राहा. काढलेले बोल्ट ट्रेमध्ये आहेत की जमिनीवर विखुरलेत? फेंडरवर कापड टाकलंय का? जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावलेत का? नुसत्या जॅकच्या भरवशावर पोराला गाडीखाली पाठवणारा मालक तुमच्या ब्रेकचीही फार काळजी करणार नाही. चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, कसले जातात की पाइप लावून पूर्ण जोर काढून? छोट्या गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून फार जास्त ताणलं की स्टडचे आटे जातात, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात नट सुटत नाही.

मालकाचं शिक्षण विचारायला संकोच नको. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेले किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून स्वतःचं गॅरेज टाकलेले अनेक जण असतात. प्रमाणपत्राने प्रामाणिकपणा कळत नाही, पण शिकलेलं कुठे हे कळतं.

पहिलं काम कोणतं द्यावं?

साधी ऑईल सर्व्हिस. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी क्लच किंवा इंजिनाचं काम देऊ नका.

जाण्याआधी मॅन्युअलमधून ऑईलची ग्रेड (ते किती पातळ-घट्ट हवं त्याचा आकडा) आणि मात्रा लिहून घ्या. छोट्या पेट्रोल हॅचबॅकला फिल्टरसकट साधारण ३ ते ३.५ लिटर ऑईल लागतं. ग्रेड ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशी असते. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. गाडी थोडी चालवून इंजिन कोमट असताना ऑईल काढलं तर गाळ नीट निघतो. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकायला हवा. जुनाच दाबून बसवला की महिनाभरात पार्किंगमध्ये थेंब दिसू लागतात. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावतात, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवतात आणि त्यानंतर साधारण पाऊण आटा. पाना घेऊन करकचून आवळला तर पुढच्या वेळी फिल्टर फाडून काढावा लागतो.

ऑईल भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग डिपस्टिक बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. वरच्या खुणेच्या बरंच पुढे गेली तर क्रँक ऑईलमध्ये आपटून फेस होतो आणि सीलवर दाब येतो. "थोडं जास्त टाकलं, इंजिनाला चांगलं असतं" असं म्हणणाऱ्याला जास्तीचं काढायला लावा.

या कामात आणखी एक गोष्ट करता येते. गाडीतल्या एका भागाची स्थिती तुम्हाला आधीच पक्की माहीत असू द्या. समजा एअर फिल्टर तीन हजार किलोमीटरपूर्वीच बदललाय, किंवा बॅटरी सहा महिन्यांची आहे. हे सांगू नका. त्याने "फिल्टर अजून चालेल" म्हटलं तर पुढच्या वेळी थोडं मोठं काम द्या. न उघडताच "बदलावा लागेल" म्हटलं तर ऑईलचे पैसे द्या आणि पुन्हा जाऊ नका.

तक्रार कशी सांगावी?

लक्षण सांगा, पार्टचं नाव सांगू नका. "पुढचे शॉकअप बदला" म्हटलं की तो बदलेल, मोठं बिल होईल, आवाज तसाच राहील, आणि "तुम्हीच सांगितलं होतं" हे त्याचं उत्तर बरोबरच ठरेल. त्याऐवजी "स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना डावीकडून पुढे कट्‌ असा एकदाच आवाज येतो, वेगात येत नाही, स्टिअरिंग वळवताना येत नाही" असं सांगा. आवाज कधी येतो यात चार गोष्टी आल्या: इंजिन थंड की गरम, वेग किती, रस्ता कसा, ब्रेक-क्लच-स्टिअरिंगपैकी काय चालू होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. चक्कर मारायला कंटाळणारा मेकॅनिक निदान करायलाही कंटाळतो.

तो सांगतो ते निदान खरं आहे हे कसं कळणार?

त्याला एकच प्रश्न विचारा: "हे कशावरून?" उत्तरात त्याने काहीतरी दाखवायला हवं: हलणारा सांधा, मोजलेला आकडा, गळतीची जागा. "अनुभवावरून" हे उत्तर किरकोळ कामाला ठीक, पाच हजारांच्या वरच्या कामाला पुरेसं नाही.

पुढच्या सस्पेन्शनची खडखड घ्या. खड्ड्यांच्या रस्त्यांमुळे हे आपल्याकडचं सगळ्यात जास्त निघणारं काम, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बारीक, सतत खडखडीचं कारण पुष्कळदा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली एक छोटी जोडदांडी असते, जी काही शे रुपयांत मिळते. तरी शॉकअपची जोडी बदलली जाते, तिचे पैसे हजारांत जातात. तपासायची रीत सोपी आहे. चाक उचलून वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आडवं, ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, पहारीने हलकेच उचकटून बघतात. रबर फाटलेलं डोळ्यांना दिसतं. शॉकअपवर ऑईलचा ओला ओघळ असेल तर तो गेलाय. नुसता धुळीचा थर असेल तर घाई नको. यातलं जे हलतं किंवा फाटलंय, ते तुमच्या हाताला लावून दाखवा म्हणा. मात्र एका बाजूचा शॉकअप खरोखर गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदलायला सांगणं योग्यच आहे, त्याला लूट समजू नका.

गाडी गरम होते तेव्हाही हाच क्रम लागू पडतो. आधी कूलंटची पातळी, मग रेडिएटरचा पंखा लागतो का, झाकणाचं रबर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील. पहिल्या पाच मिनिटांत "हेड उतरवावं लागेल" ऐकलं तर तिथेच थांबा. गॅस्केट गेल्याची चिन्हं वेगळी असतात: कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑईल दुधाळ होणं. फक्त ऑईल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट फेस असेल तर तो रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये साचलेल्या बाष्पानेही होतो. डिपस्टिकवरचं ऑईल बघा. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून द्यायला सांगा. हेड उतरवलंच, तर ते लेथवर जाण्याआधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक मोजला गेला पाहिजे.

स्कॅनर लावून "सेन्सर गेलाय" म्हणतात. मानावं का?

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. त्याचा कोड कुठे त्रास आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. कोडचा क्रमांक लिहून घ्या.

उदाहरणार्थ पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. कारण इग्निशन कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल किंवा कॉम्प्रेशन. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात जाणता मेकॅनिक काहीही विकत आणण्याआधी पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावतो, कोड पुसतो आणि चक्कर मारतो. आता पी ०३०२ आला तर कॉइल गेली हे सिद्ध झालं. पी ०३०१ च राहिला तर हाच खेळ प्लगचा. अर्ध्या तासात, एकही पार्ट न आणता उत्तर. चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्याला हे करून दाखवायला सांगा.

पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. तिथे थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणं हा सर्रास होणारा घोटाळा आहे. सेन्सर बहुधा बरोबरच सांगत असतो. दोष फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत, मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये किंवा कमजोर फ्युएल पंपात असतो. घरी ठेवायला मोबाइलवर कोड दाखवणारा ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. गॅरेजला जाण्याआधी कोड स्वतः वाचून ठेवलात तर बोलणं वेगळंच होतं.

क्लचच्या कामात सांगितलेलं जादा काम खरं की उकळण्याचा प्रकार?

इथे जादा काम बऱ्याचदा खरं असतं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागते. त्यामुळे क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटसोबत रिलीज बेअरिंग बदलणं आणि क्रँकचं मागचं ऑईल सील तपासणं शहाणपणाचं आहे. हेच टायमिंग बेल्टचं: बेल्टसोबत टेन्शनर आणि, बेल्टनेच चालत असेल तर, वॉटर पंप.

क्लच खरंच गेलाय का, हे आधी तपासा. सपाट मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर प्लेट घसरतेय.

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो का?

नाही. गॅस दरवर्षी कमी होत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस हवेत जातो. छोट्या गाडीत आर-१३४ए गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम बसतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. नीट काम म्हणजे आधी नायट्रोजनचा दाब देऊन किंवा रंग घालून गळती शोधणं, मग वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम ओढणं, तो टिकतो का बघणं, आणि वजन करून गॅस भरणं. "टॉप अप" करून पाच मिनिटांत मोकळं करणाऱ्याकडे जाऊ नका. गळती बहुतेक वेळा सांध्यांच्या ओ-रिंग, व्हॉल्व्ह, पुढचा कंडेन्सर किंवा डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल यांत असते. कूलिंग कॉइलसाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून तिथे पुरावा मागणं सर्वांत महत्त्वाचं.

एस्टिमेटमध्ये कोणती कामं बिनदिक्कत खोडावीत?

इंजिन फ्लश, दर सर्व्हिसला इंजेक्टर क्लीनिंग, एसी सॅनिटायझेशन, सायलेन्सर कोटिंग. लक्षण नसेल तर यातलं काहीही लागत नाही. थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) सफाई, गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे खालीवर होत असतील तर करा. अंडरबॉडी कोटिंग कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने एकदा नीट करून घ्यावं. छत्रपती संभाजीनगर-अहिल्यानगरकडच्या कोरड्या हवेत त्याची तेवढी गरज नाही.

ब्रेक ऑईल आणि कूलंट मात्र खोडू नका. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि लांब घाट उतरताना पेडल मऊ पडतं. बहुतेक गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. कूलंटमध्ये नळाचं पाणी टाकलं की रेडिएटरमध्ये क्षार धरतात.

ब्रेक पॅड बदलायचे की नाही, हे आपल्याला कसं कळणार?

नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदला. निम्मा शिल्लक असेल तर पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजून तिच्या जवळ पोहोचली असेल तरच डिस्क बदलायची.

अलाइनमेंटच्या वेळी "कॅम्बर करेक्शन"चे जादा पैसे मागतात. ते काय असतं?

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय तो कोन. आधी आणि नंतरचा प्रिंट मागा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, जुळवता येतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) असेल तर तिथे काहीच फिरवता येत नाही. अशा गाडीत कॅम्बर "करेक्ट" करायचा म्हणजे बऱ्याच ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून भाग वाकवतात. कॅम्बर बिघडला असेल तर वाकलेला स्ट्रट, आर्म किंवा गेलेला बुश शोधून तो बदलणं हा उपाय आहे.

ओरिजिनल, ओईएम आणि डुप्लिकेट यांत फरक काय?

ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला पार्ट. ओईएम म्हणजे तोच पार्ट बनवून कंपनीला पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटातला, उदाहरणार्थ बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल. हा बहुधा स्वस्त आणि दर्जाने तितकाच. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला नकली माल. ऑईल फिल्टर, ब्रेक पॅड आणि बेअरिंगमध्ये हा सर्वांत घातक. पाकिटावर एमआरपी, पार्ट क्रमांक, महिना-वर्ष आणि होलोग्रॅम बघा. रिकामी पाकिटं आणि जुना पार्ट दोन्ही घरी घेऊन जायचं, हे काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. जुना पार्ट देताना खळखळ करणाऱ्याने तो बदललाच नसण्याची शक्यता असते.

स्वतः पार्ट आणून दिलात तर मेकॅनिक त्याची हमी घेणार नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. म्हणून पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त लावत नसेल तर पार्ट त्यालाच आणू द्या.

तपासणीचे वेगळे पैसे का द्यायचे?

आमच्या मते पूर्ण पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. आपल्याकडे निदान फुकट मिळावं अशी अपेक्षा असते आणि मजुरीवर घासाघीस होते. मग मेकॅनिकची कमाई उरते ती पार्टवरच्या कमिशनमध्ये. दोन तास डोकं लावून "फक्त एक वायर सैल होती" असं सांगणाऱ्याला शंभर रुपये मिळतात, आणि न बघता आठ हजारांचा अल्टरनेटर बदलणाऱ्याला हजार-दीड हजार सुटतात. प्रामाणिक माणूस या हिशेबात मार खातो. म्हणून गाडी दाखवतानाच सांगा: "तपासणीचे पैसे वेगळे देईन, काम निघो वा न निघो." मजुरीत कापाकापी करू नका, घासाघीस करायचीच तर पार्टच्या ब्रँडवर करा. दोष सापडला आणि पार्ट लागला नाही, तर मनापासून पैसे द्या. पुढच्या वेळी तो तुमच्या गाडीखाली जास्त वेळ घालवेल.

गाडीतलं काही कळत नाही, आणि बाई एकटी गेली की भाव वाढतो. काय करावं?

सगळं लेखी घ्या. गाडी देताना व्हॉट्सअॅपवर लक्षणं, किलोमीटरचा आकडा आणि एक वाक्य पाठवा: "दोन हजारांवर खर्च जाणार असेल तर फोटो आणि रक्कम कळवा, माझा होकार आल्याशिवाय काम करू नका." एस्टिमेटमध्ये पार्ट आणि मजुरी वेगवेगळी मागा. तेच एस्टिमेट दुसऱ्या गॅरेजला दाखवा. समोरचा "ताई, तुम्हाला नाही कळणार" म्हणाला, तर गाडी उघडण्याआधीच परत घ्या.

वॉरंटीत असताना बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हे कारण. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या कोर्टात गेल्या. व्यवहारात आमचा सल्ला असा: वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस कंपनीकडेच करा, कारण इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्याच्या वेळी तीच नोंद बघतात. पंक्चर, अलाइनमेंट, बॅटरी, टायर बाहेर करायला हरकत नाही. वायर कापून अॅक्सेसरीज बसवू नका.

पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर?

पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारांतलं काम लाखात जातं. फोटो काढा, जमल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो करा. सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याला इंजिन उघडू देऊ नका. साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच लागतं. चांगला मेकॅनिक आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघतो, पाणी बाहेर काढतो, ऑईल-फिल्टर बदलतो आणि थोडं चालवून पुन्हा एकदा बदलतो.

पक्कं बिल घेतलं की जीएसटी वाढतो. कच्चं घेतलेलं चालेल का?

मोठ्या कामाला नाही. बिल नसेल तर पार्टची वॉरंटीही नाही आणि तक्रारीचा पुरावाही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही १८ टक्केच. बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा; महाराष्ट्रात तो २७ ने आणि गोव्यात ३० ने सुरू होतो. नोंदणी नसलेला छोटा गॅरेजवाला कर लावू शकत नाही, पण त्याने सही-शिक्क्याचं साधं बिल द्यायला काहीच अडचण नाही.

फसवणूक झाल्यासारखं वाटतंय. गाडी त्याच्याच ताब्यात आहे.

भांडण करून गाडी ओढून आणू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. पैसे ऑनलाइन भरा, बिलावर "हरकत नोंदवून रक्कम देत आहे" असं लिहा, त्याचा फोटो त्यालाच पाठवा आणि गाडी ताब्यात घ्या. जुने पार्ट मागा. दुसऱ्या गॅरेजकडून तपासणीचा लेखी अहवाल घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला अर्जाचं शुल्क नाही. वकील लावणं सक्तीचं नाही.

परगावी, हायवेवर गाडी बंद पडली आणि मेकॅनिक अनोळखी असेल तर?

आधी विमा पॉलिसीवरचा रस्त्यातल्या मदतीचा क्रमांक लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मिळालेल्या मेकॅनिककडून फक्त घरापर्यंत नेणारं काम करून घ्या: फुटलेला होज, तुटलेला बेल्ट, उडालेला फ्यूज, बॅटरीला जंप. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायला तिथे देऊ नका. गाडी गरम होऊन थांबली असेल तर रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका, आणि साधं पाणी घालून आलात तर घरी पोहोचल्यावर ते काढून कूलंट भरून घ्या.